49 अंशांतला चष्मा

मे 2024च्या अखेरीस झाशीत पारा 49 अंशांवर गेला. हा आकडा सावलीतला असतो, हे बातमी वाचताना आपण विसरतो. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, खेळत्या हवेत ठेवलेला असतो. लक्ष्मी गेटच्या तापलेल्या दगडाला, भर दुपारी रस्त्यावर लावलेल्या स्कूटरच्या काळ्या सीटला किंवा बंद मोटारीच्या डॅशबोर्डला तो आकडा लागू पडत नाही. तिथे पारा 60 सहज ओलांडतो. आपला चष्मा बहुतेक वेळा अशाच ठिकाणी पडून असतो. म्हणून उन्हाळ्यात चष्मा कसा सांभाळायचा हे ठरवताना बातमीतल्या आकड्यापेक्षा आपण चष्मा ठेवतो कुठे हे आधी पाहायला हवे.

मराठी वाचकाला लक्ष्मी गेट परके नाही. झाशीच्या तटबंदीला जे दरवाजे आहेत त्यांपैकी हा एक. बाहेर पडले की लक्ष्मी ताल आणि महालक्ष्मीचे देऊळ. महालक्ष्मी ही नेवाळकरांची कुलदेवता. तलावाच्या परिसरातच गंगाधररावांची छत्री आहे. नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, लांज्याजवळच्या कोट गावचे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ लिहिले तेव्हापासून या शहराचा नकाशा आपल्या डोक्यात आहे. पण नेवाळकर आणि गोडसे कोकणातला दमट उन्हाळा सोडून बुंदेलखंडाच्या कोरड्या, ग्रॅनाइटच्या उन्हाळ्यात आले होते, हे सहसा कोणी बोलत नाही. चष्म्याच्या बाबतीत या दोन उन्हाळ्यांतला फरक फार मोठा आहे. कोकणात चष्मा घामाने आणि मिठाने खराब होतो, झाशीत धुळीने आणि तापलेल्या पृष्ठभागांनी. नागपूर, चंद्रपूर, अकोला ही झाशीच्या जातीची. मुंबई, रत्नागिरी, पणजी कोकणाच्या जातीची. पुणेकरांना एप्रिलात एक आणि जूनमध्ये दुसरा, असे दोन्ही अनुभव येतात.

या विषयावर जो सल्ला सर्वत्र मिळतो तो मात्र यांपैकी कोणत्याच उन्हाळ्यासाठी लिहिलेला नाही. समुद्रकिनारी वाळूत गॉगल ठेवू नका, पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनपासून जपा, सुट्टीवर जाताना कडक डबी घ्या, असे तो सांगतो. ज्यांचा उन्हाळा आठ-दहा दिवसांच्या सहलीत आटोपतो त्यांच्यासाठी हे ठीक आहे. मार्च ते जून रोज उन्हात वावरणाऱ्या माणसाला, ई-रिक्षा चालवणाऱ्याला, गाड्यावर भाजी विकणाऱ्या बाईला, खडीच्या क्रशरवर काम करणाऱ्याला त्यातून फारसे काही मिळत नाही. म्हणून प्रचलित सूचनांतली कोणती खरी, कोणती अर्धी खरी आणि कोणती आपल्याकडे निरुपयोगी, हे एकदा नीट तपासून घ्यायला हवे.

सुरुवात भिंगापासून करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. आजच्या बहुतेक भिंगांत काच नसते. 1940च्या सुमारास अमेरिकेत सीआर-39 नावाचे राळेसारखे प्लास्टिक तयार झाले आणि पुढच्या काही दशकांत त्याने काचेची जागा घेतली. नंतर पॉलिकार्बोनेट आले, आणखी पातळ भिंगे देणारी प्लास्टिके आली. ही प्लास्टिके स्वतः उन्हाळ्याने वितळत नाहीत. पॉलिकार्बोनेट मऊ पडायला दीडशे अंशांच्या आसपास जावे लागते. ‘उन्हात ठेवला की नंबर बदलतो’ हे जे ऐकू येते ते रोजच्या वापरापुरते खरे नाही. खराब होतो तो भिंगावरचा लेप.

चकाकी कमी करणारा लेप म्हणजे सिलिकॉन, झिर्कोनियम, टायटॅनियम अशा मूलद्रव्यांच्या ऑक्साइडांचे एकावर एक दिलेले थर. सगळे मिळून त्यांची जाडी केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. हे थर काचेच्या स्वभावाचे, ताठ. त्यांच्याखालचे प्लास्टिक उष्णतेने भराभर फुगते. सिलिकाच्या तुलनेत प्लास्टिकचे प्रसरण शंभर पटींहून अधिक आहे. खालची जमीन ताणली गेली आणि वरचा थर ताणला जाईना की त्याला बारीक तडे जातात. उजेडाकडे धरून तिरके पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. हे पुसून जात नाही, पॉलिशने निघत नाही, भिंगच बदलावे लागते. भिंगे बनवणाऱ्या कंपन्या उष्णतेची मर्यादा वेगवेगळी सांगतात. ती साधारण 60 ते 80 अंशांच्या दरम्यान असते. 49 अंशांच्या हवेत नाकावर असलेला चष्मा या मर्यादेपासून बराच लांब आहे. नाकावर असताना त्याला शरीराची आणि वाऱ्याची साथ असते. उतरवून ठेवला की धोका सुरू होतो.

उन्हात लावलेल्या मोटारीत चष्मा ठेवू नका, हा नेहमीचा इशारा म्हणूनच शंभर टक्के खरा आहे आणि त्याला मोजमापाचा आधार आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या संशोधकांनी 2018मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 38 अंशांहून गरम दिवसांत गाड्या एक तास उन्हात उभ्या केल्या. आतल्या हवेचे तापमान सरासरी 47 अंशांच्या आसपास गेले, डॅशबोर्ड मात्र 69 अंशांवर पोचला. सावलीत लावलेल्या गाडीत डॅशबोर्ड 48 अंशांवर राहिला. झाशीत, नागपुरात बाहेरचीच हवा त्या 38 अंशांहून पाच-दहा अंशांनी अधिक असते, तेव्हा पुढचा हिशेब वाचकानेच करावा. डॅशबोर्डवर गॉगल ठेवून देवदर्शनाला जाणे म्हणजे लेप भाजायला ठेवणे. पुढच्या काचेजवळ लटकवणेही तसेच. गाडीतच ठेवायचा असेल तर सीटखाली, दाराच्या खालच्या कप्प्यात, थेट ऊन पोचत नाही अशा जागी ठेवावा. कडक डबी धक्क्यापासून वाचवते, उष्णतेपासून नाही. काळी डबी उन्हात उलट जास्त तापते.

आपल्याकडे मोटारीपेक्षा दुचाकी जास्त, आणि दुचाकीबद्दल ते सर्वत्र मिळणारे सल्ले गप्प आहेत. स्कूटरच्या सीटखालच्या डिक्कीला वरून काळ्या सीटचे ऊन आणि खालून इंजिनाची धग असा दुहेरी मार बसतो. बँकेत, दवाखान्यात जाताना हेल्मेटबरोबर गॉगलही डिक्कीत टाकणे ही माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. तो खिशात किंवा पिशवीत घेऊन जावा. हेल्मेट डोक्यात घालताना आणि काढताना चष्मा आधी उतरवावा, नाहीतर काड्या रोज थोड्या थोड्या फाकत जातात आणि उन्हाने मऊ पडलेली फ्रेम लवकर वेडीवाकडी होते.

फ्रेमचे गणित वेगळे आहे. ॲसिटेटची फ्रेम, म्हणजे जिला दुकानदार ‘शीट’ किंवा ‘शेल’ म्हणतात ती, उष्णतेने वाकते हा तिचा गुणच आहे. चष्मेवाला काडी गरम वाळूत किंवा गरम हवेच्या झोतात धरतो आणि कानामागचा बाक बसवतो तो त्याच्या जोरावर. 60-70 अंशांत फ्रेम हातात नमते. तेवढीच उष्णता तिला बंद गाडीत मिळाली तर ती हवी तशी न वाकता पडली असेल तशी वाकते. काड्या उघड्या ठेवून, भिंगे खाली टेकवून ठेवलेला चष्मा संध्याकाळी घातला की एका कानावर टोचतो आणि नाकावरून घसरतो. तेव्हा घरी हाताने दाबून सरळ करायच्या भानगडीत पडू नये. दुकानात दोन मिनिटांचे काम आहे आणि बहुतेक चष्मेवाले त्याचे पैसेही घेत नाहीत. वर्षानुवर्षे उन्हाने आणि घामाने ॲसिटेटमधले मऊपणा देणारे द्रव्य निघून जाते, फ्रेमवर पांढुरकी साय धरते आणि ती ठिसूळ होते. खोबरेल लावून चकचकीत करण्याने ती तात्पुरती झाकली जाते, बरी होत नाही. नायलॉनच्या हलक्या फ्रेम, ज्यांना बाजारात टीआर म्हणतात, उष्णतेत जास्त टिकतात. कडक उन्हाळ्याच्या गावात रोजच्या वापरासाठी मी त्याच सुचवीन. धातूची फ्रेम वाकत नाही, पण उन्हात क्षणात तापते आणि घाम तिला खातो.

घामाचा प्रश्न कोकणाकडे आणि मुंबईकडे अधिक. नाकावरच्या पॅडपाशी हिरवट कीट जमते. घामातल्या मिठाने आणि आम्लाने मिश्रधातूतले तांबे गंजून ते तयार होते. निकेल असलेल्या फ्रेममुळे काहींच्या कानामागे आणि नाकावर खाज येते, त्वचा लाल होते. उन्हाळ्यात घामामुळे निकेल अधिक सुटते म्हणून हा त्रास नेमका याच दिवसांत वाढतो. सिलिकॉनचे पॅड पिवळे आणि कडक झाले की बदलून टाकावेत. ही गोष्ट स्वस्तातली आहे, पण क्वचितच कोणी करतो. रोज संध्याकाळी घरी आल्यावर तोंड धुताना चष्माही धुतला तर निम्मे प्रश्न मिटतात.

मात्र कसा धुवायचा यात झाशीसारख्या गावाच्या खास अडचणी आहेत. दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हात भाजेल इतके तापून येते. ते भिंगावर घेऊ नये. उलट तापलेल्या गाडीतून आणलेला चष्मा लगेच फ्रिजच्या पाण्याखाली धरणे तर त्याहून वाईट, कारण लेपाला एकाएकी आकसावे लागते. चष्मा पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, मग साध्या पाण्याने धुवावा. खडकाळ मुलखातले बोअरचे पाणी जड असते. ते भिंगावर वाळले की पांढरे ठिपके राहतात. शेवटचा हात पिण्याच्या पाण्याने फिरवावा. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी यासाठी वापरू नये, त्यात क्षार अधिक असतात. भांड्याच्या द्रव साबणाचा एक थेंब पुरतो. सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचे द्रावण, काचा पुसायचे अमोनियाचे फवारे, व्हिनेगर यांतले काहीही नको. ॲसिटोन तर काही प्लास्टिकेच विरघळवते. उन्हापासून त्वचेला लावायचे मलम आणि डोक्याचे तेल भिंगावर बसले तर त्याच दिवशी धुऊन काढावे. डोक्यावर गॉगल चढवून हिंडणाऱ्यांनी तेलाची ही बाब विशेष लक्षात ठेवावी. शिवाय त्याने काड्या सैल होतात. बाजारातल्या छोट्या बाटलीतल्या स्प्रेवर पैसे घालवायची गरज मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त चष्मे मरतात ते पुसण्याने, आणि याबाबतीत बुंदेलखंडाची धूळ साधी नाही. इथला खडक ग्रॅनाइट. तो झिजून किंवा क्रशरमध्ये फुटून जी धूळ होते तिच्यात क्वार्ट्‌झचे कण असतात. कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ 7वर, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास आणि प्लास्टिकचे भिंग त्यांच्या कितीतरी खाली. मे महिन्यात लू वाहते तेव्हा हे कण प्रत्येक भिंगावर येऊन बसतात. मग पदराच्या टोकाने, शर्टाच्या कडेने, उत्तरेत खांद्यावर असते त्या साफीने आपण ते कोरडेच घासतो.

ही सवय आली कुठून? माझे उत्तर असे की ती काचेच्या काळातली आहे. आमच्या आजोबांच्या पिढीची भिंगे काचेची होती. त्याही आधी आपल्याकडे स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्‌झचीच भिंगे घासून केली जात. तमिळनाडूतले तंजावरजवळचे वल्लम त्यासाठी नावाजलेले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी 1940च्या दशकात भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर लिहिले आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजयनगरचे व्यासराय चष्मा लावून वाचत असल्याचा संस्कृत ग्रंथातला उल्लेख पुढे आणला. त्या भिंगांना धोतराच्या सोग्याने पुसले तर फारसे बिघडत नसे. स्फटिकावर स्फटिकाची धूळ सहजी चरे पाडत नाही, आणि काचेवरही ती प्लास्टिकइतके चरे पाडत नाही. भिंग बदलले, हात मात्र तसाच राहिला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी चष्मा पदराने पुसणे हा निष्काळजीपणा नव्हे, ते त्यांच्या काळचे बरोबर वागणे आहे. म्हणून त्यांना रागावून सांगू नये, कारण सांगावे. आधी पाणी, मग बोटांनी हळू चोळणे, मग मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचा कपडा. पाणी नसेल तर फुंकर घालून धूळ उडवावी आणि तोवर धूसर चष्म्यातून पाहावे. धूसर चष्मा धुतला की स्वच्छ होतो, चरा कायम राहतो.

गॉगलबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी, कारण त्यात फसगत जास्त होते. काळ्या रंगाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा थेट संबंध नाही. अतिनील किरण अडवतो तो भिंगाचा पदार्थ किंवा त्यात मिसळलेले रसायन. पॉलिकार्बोनेट रंगहीन असूनही बहुतेक अतिनील किरण अडवते, आणि रस्त्यावर फळीला लावून विकायला ठेवलेला गडद गॉगल कदाचित अडवणार नाही. गडद भिंगामागे बाहुली मोठी होते, त्यामुळे न अडवणारा गडद गॉगल हा काहीच न घालण्यापेक्षा वाईट ठरू शकतो. मोठ्या चष्म्याच्या दुकानात किरण मोजायचे छोटे यंत्र असते. आपला जुना गॉगल एकदा त्यावर तपासून घ्यावा. रंगाच्या गडदपणाचे 0 ते 4 असे वर्ग असतात. आपल्या उन्हाला 3 क्रमांक पुरतो. तो 8 ते 18 टक्के उजेड आत सोडतो. 4 क्रमांकाचा गॉगल घालून गाडी चालवू नये.

पोलराइज्ड भिंगात आयोडिनने रंगवलेली, ताणलेली पातळ फिल्म दोन थरांच्या मध्ये चिकटवलेली असते. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की तिची चिकटण सुटते, कडेने बुडबुडे किंवा इंद्रधनुष्यी पट्टे दिसू लागतात. अशा गॉगलला डिक्की आणि डॅशबोर्ड साध्या गॉगलहून अधिक घातक. उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे उन्हाळ्यात अपेक्षेपेक्षा फिके राहतात अशी तक्रार अनेक जण करतात आणि दुकानदाराला दोष देतात. दोष बहुधा त्याचा नसतो. अतिनील किरणांनी रंग चढतो आणि उष्णतेने तो उतरतो, अशी ही रसायने आहेत. काश्मीरच्या थंडीत जेवढे गडद होतील तेवढे ते झाशीच्या मे महिन्यात होणार नाहीत. मोटारीच्या काचेतून अतिनील किरण फारसे येत नाहीत, म्हणून आत बसल्यावर ते जवळजवळ रंगहीनच राहतात. 45 अंशांच्या गावात फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवून उन्हात दिवस काढणाऱ्याने वेगळा नंबरचा गॉगल करून घ्यावा, हे मी स्पष्ट सांगेन.

लू डोळे कोरडे करते. डोळे अर्धवट मिटून दुचाकी चालवणारी माणसे दुपारच्या रस्त्यावर दिसतात. बाजूने वळलेला, गालाला लागून बसणारा चष्मा रंगहीन असला तरी वारा आणि धूळ अडवतो. नंबर नसलेल्यांनीही तो वापरावा. वाळू-खडीच्या कामावर तर पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्माच हवा. साध्या गॉगलच्या भिंगाला खडा लागला तर भिंगाचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

मी या विषयाकडे सौंदर्याच्या वस्तूचा विषय म्हणून पाहत नाही. आसामातल्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांवर झालेला आणि 2018मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की जवळचे दिसायचे साधे चष्मे दिल्यावर त्यांची पानखुडणी सुमारे 22 टक्क्यांनी वाढली. चष्मा हे त्यांच्या कामाचे हत्यार आहे. ते उन्हाळ्यात तडकले तर मजुरी बुडते. शिंप्याचे, सोनाराचे, पोथी वाचणाऱ्या गुरुजींचे, शाळेतल्या मुलांचे तसेच. सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम 1976पासून चालतो, त्यात शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात, सेवाभावी संस्थांची शिबिरेही होतात. त्या शिबिरांत नंबर काढण्याची काळजी घेतली जाते, पण मिळालेला चष्मा मार्च ते जून कसा टिकवायचा हे सांगणारे कोणी नसते. मुलाचा चष्मा दप्तरात पुस्तकांखाली दबतो, मैदानाच्या कडेला उन्हात पडून राहतो, आणि पुढचे शिबिर येईपर्यंत ते मूल फळ्यावरचे अक्षर न दिसता बसते.

म्हणून शिबिर घेणाऱ्यांना, मग ते झाशीत असोत की चंद्रपुरात, माझे मागणे नेमके आहे. चष्म्याबरोबर फिक्या रंगाची कडक डबी, मानेत अडकवायची दोरी आणि एक सुती रुमाल द्यावा. लेप असलेले महागडे भिंग देण्याऐवजी उन्हात काम करणाऱ्याला चरे कमी पडणारा कडक थर असलेले साधे भिंग आणि टीआरची फ्रेम द्यावी. आणि पावसाळा लागण्याआधी, जूनच्या सुरुवातीला, गावातल्या एखाद्या चष्मेवाल्याला बोलावून स्क्रू आवळणे, पॅड बदलणे आणि काड्या सरळ करणे यासाठी एक सकाळ ठेवावी.